आतड्याचं ऑपरेशन, चिंगम आणि एक रविवार

दवाखाना नागपूरच्या धंतोलीत आहे एवढंच सांगतो, नाव लिहीत नाही. खाली कौतुक आहे तसं रडगाणंही आहे, आणि ते एका रविवारचं आहे. त्या एका दिवसापायी अख्ख्या दवाखान्याचं नाव चौकात टांगावं असं मला वाटत नाही. शिवाय ज्याच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय, त्याला नावापेक्षा तिथे जाऊन काय विचारायचं हे कळलेलं जास्त कामाचं.

मी एसटीतला. गणेशपेठला वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली, रिटायर होऊन सहा झाली. मागच्या पावसाळ्यात जिना चढताना दम लागायला लागला. नंदनवनातल्या आमच्या घराला 14 पायऱ्या. सातवीवर थांबावं लागे. मी म्हटलं, वय झालं. सूनबाईने ऐकलं नाही, रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 8.2. मग कोलोनोस्कोपी, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीलाच, गाठ. तिकडची गाठ म्हणे बरेचदा अशीच कळते. दुखत नाही, खुपत नाही, रक्त झिरपत राहतं आणि डोळ्याला दिसतही नाही. गाडीखाली ऑइलचा डाग पडला तर मेकॅनिकचं काम सोपं असतं. इथे डाग नव्हताच, नुसती डिपस्टिकवरची खूण खाली चालली होती.

ऑपरेशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दादा आला. 2003 साली त्याचं असंच आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या एका दवाखान्यात. पाच दिवस नाकात नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. वहिनी ओला कापूस ओठांवरून फिरवायची. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?" आणि दादा नापास झालेल्या पोट्ट्यासारखी मान हलवायचा. झोपून झोपून छातीत कफ भरला, निमोनिया झाला. चौदाव्या दिवशी घरी आला तेव्हा पँट नाडीने बांधावी लागत होती. तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच करत, त्यात कोणाचा गुन्हा नव्हता.

म्हणून इथले सर्जन जेव्हा म्हणाले, "चार-पाच दिवसांत घरी जाल, आणि ऑपरेशनच्याच संध्याकाळी पाणी प्याल, खुर्चीत बसाल," तेव्हा मला ती दुकानदारी वाटली. पलंग लवकर रिकामा केला की दुसरा पेशंट घेता येतो, आणखी काय! मी तसं बोलूनही दाखवलं. माणूस चिडला नाही. कागद ओढून लिहीत लिहीत सांगायला लागला. डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट नावाचे सर्जन, त्यांनी 1990 च्या दशकात शोधायला घेतलं की ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस इतके दिवस पलंगाला का चिकटून राहतो. उपाशी ठेवणं, नळ्या, भरमसाट सलाईन, मॉर्फिनची इंजेक्शनं, झोपून राहणं, एकेक कारण वेगळं काढून बघितलं. नुसती नवी पद्धत वापरून मोठ्या आतड्याचे पेशंट तिकडे दोन-तीन दिवसांत घरी जायला लागले. 2001 साली युरोपातल्या काही सर्जननी मिळून गट केला आणि या सगळ्या पद्धतीला नाव पडलं ईरास, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर बरं करायची पद्धत. मी मनातल्या मनात हिशोब केला. दादा 2003 सालचा. तिकडे हे सगळं माहीत झालेलं होतं आणि इकडे वहिनी कापूस ओला करत होती. त्यानंतर मी गप्प बसून ऐकलं.

इथली पहिली गोष्ट जी मला पाचपैकी पाच द्यावीशी वाटते ती म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे. रक्त कमी आहे म्हणून थेट बाटल्या चढवल्या नाहीत. आयर्नचं सलाईन दोनदा दिलं, हिमोग्लोबिन 10.6 वर आलं. रोज अर्धा तास चालायचं. तीन रंगीत गोळ्यांचं श्वास ओढायचं यंत्र घरी दिलं (मी पहिल्या दिवशी फुंकत बसलो, गोळी हलेना, ते ओढायचं असतं). डाळ, अंडी, पनीर वाढवायचं. आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, बंद.

आता नागपुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढलेल्या माणसाला खर्रा बंद कर म्हणणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना समजावायला नको. मी दिवसाला चार पुड्यांचा गडी. "कमी करतो," म्हटलं. तेव्हा भूल देणाऱ्या मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, तोंड उघडा, तुमचीच तीन बोटं उभी आत घाला. जेमतेम दोन गेली. म्हणाल्या, "काका, झोपवल्यावर मला तुमच्या घशात श्वासाची नळी घालायची आहे. दार एवढंच उघडत असेल तर कुठून घालू?" खर्ऱ्याने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. चाळीस वर्षं मला वाटत होतं की माझं तोंडच लहान आहे. त्यांनी मग दुर्बिणीतून नळी घालायची वेगळी तयारी ठेवली, आणि मी खर्रा त्याच दिवशी सोडला. भीतीने सोडला, शहाणपणाने नाही.

गुरुवारी सकाळी ऑपरेशन. बुधवारी रात्री जेवलो, वर साखरेच्या पिठाचं फिकट सरबत दिलं, आणि पहाटे उठवून पुन्हा 400 मिली. मी विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी पाणी? तर नियम असा की घन पदार्थ सहा तास आधी बंद, पण पाण्यासारखं पातळ दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्रभर उपाशी ठेवून कापलं तर शरीर दुष्काळात ऑपरेशनला सामोरं जातं, ते पोटभर गेलेलं बरं. शेजारच्या पलंगावरच्या साखरेच्या पेशंटला मात्र साधं पाणी दिलं. जुलाबाचं औषध मला दिलंच नाही, उजव्या बाजूला त्याची गरज नसते म्हणाले. चव? रसना पाण्यात जास्त विरघळल्यासारखी.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. चार भोकं आणि बेंबीपाशी दोन-अडीच इंचाची चीर. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा हात नाकाकडे नेला. नळी नव्हती. तिथेच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सहाला एक सिस्टर आली. भंडाऱ्याकडची, ठेंगणी, आवाज एसटीच्या कंट्रोलरसारखा. "काका, उठा. खुर्चीत बसायचं आहे." आमची ही म्हणाली, "अहो सिस्टर, आज तर पोट फाडलं त्यांचं!" सिस्टर म्हणाली, "काकू, पोट फाडलं, पाय नाही फाडले." आणि बसवलं. पाच मिनिटं. डोळ्यांपुढे काजवे. मग दोन घोट पाणी, तासाभराने आणखी दोन.

भिंतीवर माझ्या नावाचा एक कागद चिकटवला होता, मराठीत, रोजच्या रकान्यांचा. किती वेळा खुर्चीत, किती वेळा चाललो, काय खाल्लं, उलटी, वजन. टिकमार्क पेशंटनेच करायचे. त्यावर छापलं होतं, "आज चार वेळा चला". चाला लिहायचं होतं बिचाऱ्यांना. आमच्या पोराने रोज विचारायचं, "बाबा, आज कुठे चला?" पण तो कागद म्हणजे या सगळ्या प्रकाराचा प्राण आहे. वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड असतं ना, तसं. कोणीही आलं, की काय झालं आणि काय राहिलं ते एका नजरेत.

शुक्रवारी सकाळी लघवीची नळी काढली, सलाईन बंद केलं, वजन केलं. वजनाचं कारण मला आवडलं. सलाईन जास्त झालं तर ते पाणी आतड्याच्या भिंतीत साचतं, आतडं सुजतं आणि सुजलेलं आतडं हलत नाही. म्हणून रोज काटा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घड्याळ लावून, आणि ऑपरेशनच्या वेळीच पोटाच्या थरांत बधिर करायचं इंजेक्शन मारून ठेवलेलं. मॉर्फिनच्या जातीची औषधं शक्यतो नाहीत, कारण ती दुखण्याबरोबर आतड्यालाही झोपवतात. नाश्त्याला मऊ उपमा आणि चहा. दुपारी मुगाची खिचडी. पातळ, फिकी, सांभार म्हणजे कोथिंबीर नाही, फोडणीचा तर विचारच नको. मी तीन चमचे खाल्ली आणि रडायला आलं, कारण दादा.

आणि चिंगम. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, बिनसाखरेचं. मला वाटलं सिस्टर थट्टा करून राहिली. चाळीस वर्षांचा खर्रा सोडवला आणि आता चघळा म्हणतात! सर्जन म्हणाले, चघळलं की मेंदूला वाटतं जेवण येऊन राहिलं, तो व्हेगस नावाच्या नसेतून खाली निरोप धाडतो, लाळ सुटते, पोटातले रस सुटतात, आतडं हलायला लागतं. डिझेलच्या गाडीची टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये हवा धरते. मग नुसतं डिझेल भरून गाडी सुरू होत नाही, हातपंप मारून हवा काढावी लागते. तसंच हे. पण तेच पुढे म्हणाले की याचा फायदा थोडाच आहे, आणि जो पेशंट लवकर जेवायला आणि चालायला लागतो त्याच्यात तर आणखीच थोडा. पण स्वस्त आहे, नुकसान नाही. हे त्यांनी खरं सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. माझा अडकलेला जबडा मात्र पहिल्या दिवशी असा दुखला की टाक्यांपेक्षा जबड्याचीच तक्रार जास्त.

शनिवारी पहाटे साडेचारला गॅस पास झाला. माणसाच्या आयुष्यात असे अभिमानाचे क्षण थोडे. ही जागीच होती. तिने हात जोडले. शेजारच्या पलंगाजवळच्या बाईंनी अंधारातून विचारलं, "झाला का भाऊ?" म्हटलं, झाला. "बरं झालं बाप्पा." ऑपरेशननंतर लहान आतडं काही तासांतच जागं होतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात आळशी, दोन-तीन दिवस घेतं. माझं दोन दिवसांच्या आत. शनिवारी चार वेळा चाललो, एकूण कॉरिडॉरच्या बावीस फेऱ्या. डिसेंबर होता, पहाटे फरशी बर्फासारखी, त्यामुळे पायमोजे घालून.

नातेवाइकांबद्दल एक सांगतो. या पद्धतीचा पहिला शत्रू म्हणजे आपलीच माणसं. अधिवेशन सुरू होतं, मोर्चांनी बर्डीकडचे रस्ते बंद, तरी लोक मेट्रोने काँग्रेसनगरला उतरून पायी यायचे, आणि आल्या आल्या, "भाऊजी, उठून काहून बसले? आराम करा ना!" एकाने तर संत्र्यांची पिशवी आणली. संत्री मला दोन-तीन आठवडे बंद होती, त्यातल्या सालपटांमुळे. गाळलेला रस चालत होता. पिशवी मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयने, आनंदाने नेली. ऑपरेशनच्या आधीच्या बैठकीला घरचे दोघं लागतातच, असं इथे सांगतात. मी म्हणतो, चार बोलवा.

आता रविवार.

रविवारी भंडाऱ्याची सिस्टर सुट्टीवर. फिजिओथेरपीवाला पोरगा रविवारी येतच नाही. नवीन सिस्टरला भिंतीवरचा कागद म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तिने प्रामाणिकपणे विचारलं, "काका, हे तुम्ही लावलं का?" सकाळी कोणी उठवलं नाही. मीही, खोटं कशाला बोलू, थकलो होतो, पडून राहिलो. दिवसभरात एकदा संडासपर्यंत गेलो तेवढंच. दुपारची पॅरासिटामॉल तीन तास उशिरा आली. तोवर दुखणं चढलं, आणि रात्री ओरडलो तेव्हा ट्रामाडॉलचं, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीतलं, इंजेक्शन दिलं. मध्यरात्री मळमळ, पोट टरटरीत, एक हिरवी उलटी. ड्युटीवरचा डॉक्टर पोरगाच होता, घाबरला. खाणं-पिणं बंद, सलाईन सुरू, आणि म्हणाला, "नाकातून नळी टाकावी लागेल."

मी नाही म्हटलं. रात्री दोनला भांडलो. हिला सांगितलं, मोठ्या साहेबांना फोन लाव. ते उचलतील असं वाटलं नव्हतं, पण उचलला. म्हणाले, पुन्हा उलटी झाली तर नळी टाकावीच लागेल, तेव्हा हट्ट करू नका. पण आत्ता अर्धा तास थांबा, बसवा त्यांना, ट्रामाडॉल पुन्हा देऊ नका. बसलो. पुन्हा उलटी झाली नाही.

सोमवारी सकाळी सातला साहेब आले ते बूट न काढताच पलंगापाशी. पोट बघितलं, नाडी बघितली, रक्तात सीआरपी तपासायला पाठवलं, शरीरात आत सूज आहे का ते सांगणारा आकडा. आतड्याचा जोड सुटला तर तो चढत जातो, सोबत ताप येतो, नाडी पळते. माझा उतरत होता. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जे काही बोलणं झालं ते दारातून आम्हाला ऐकू आलं, ते इथे लिहीत नाही. हे सगळं रविवारमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. साहेबही म्हणाले, सगळं नीट करूनही काहींचं आतडं रुसतं. पण मी मेकॅनिक आहे. तीन दिवस नीट चाललेली गाडी सर्व्हिस चुकल्याच्या दिवशीच बंद पडली तर मी आधी सर्व्हिसचं रजिस्टर बघतो. माझ्या कागदावर रविवारचा रकाना कोरा आहे. तो कागद मी घरी घेऊन आलो.

सोमवारी दिवसभर चालवलं, संध्याकाळी पुन्हा खिचडी, मंगळवारी सुट्टी. म्हणजे ऑपरेशनपासून पाचवा दिवस. दादाचे चौदा.

सुट्टीचं प्रकरण थोडक्यात. सकाळी दहाला "सुट्टी झाली" म्हणाले, इन्शुरन्सच्या मंजुरीत संध्याकाळचे साडेसहा वाजले. एवढा वेळ मला खुर्चीत बसवणं हाही ईरासचाच भाग असावा. सरबताच्या पुड्या, श्वासाचं यंत्र, पायमोजे, यातलं काहीच कॅशलेसमध्ये बसलं नाही, खिशातून गेलं. जी गोष्ट पेशंटला लवकर घरी धाडते तिलाच कंपनी खर्च मानत नाही! पार्किंगबद्दल धंतोलीला जाणाऱ्याला काय सांगायचं. ऑटोने जा.

घरी आल्यावर भंडाऱ्याच्या सिस्टरचा दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ताप? पोट फुगलं? उलटी? संडास? इंजेक्शन घेतलं का? हे इंजेक्शन रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, पोटाच्या कातडीत, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर 28 दिवस. सूनबाईने दिलं, मी डोळे मिटून बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसायचो. काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट तिसऱ्या आठवड्यात आला. कॅन्सर पसरला का हे बघायला आतड्याजवळच्या निदान 12 लसिकाग्रंथी तरी तपासल्या पाहिजेत असा दंडक आहे. माझ्या 19 तपासल्या, सगळ्या साफ. किमो लागली नाही.

तारे द्यायचे तर तयारीला पाच, सर्जनला पाच, भंडाऱ्याच्या सिस्टरला दवाखान्याने पगार वाढवून द्यावा, बिलिंगला दोन आणि रविवारला शून्य.

तपासणीला गेलो तेव्हा साहेबांना रविवारचं विचारलं. म्हणाले, रविवारसाठी फिजिओ मागितला आहे, अजून मिळाला नाही. मग मी म्हटलं, साहेब, तोवर लोकांना तारीख तरी सोमवारची द्या. ते हसले, म्हणाले, सोमवार सगळेच मागतात. गेल्या आठवड्यात इमामवाड्याच्या आगारातल्या जुन्या दोस्ताचा फोन आला, त्याच्या बायकोचं डावीकडचं आतडं, ऑपरेशन याच दवाखान्यात. त्याला मंगळवार मिळालाय. त्याला कोरा कागद आणि माझा भरलेला कागद, दोन्हीच्या झेरॉक्स पाठवल्या, आणि खाली पेनने "चला" चं "चाला" करून दिलं.